मुक्कामी गाडीवरचा तारा

मुक्कामी ड्यूटी काय चीज असते ते ज्यानं केली त्यालाच ठाऊक. संध्याकाळची शेवटची गाडी घेऊन आष्टीच्या पुढं एका आडगावाला जायचं, देवळापुढच्या मैदानात गाडी लावायची, गाडीतच झोपायचं, आणि दिवस उगवायच्या आत तीच गाडी घेऊन परतूर, वाटूर करत जालन्याला निघायचं. मी सव्वीस वर्षं कंडक्टर. त्यातली निम्मी झोप गाडीच्या मागच्या लांब बाकड्यावर झाली. आता घरी गादीवर पडलं की डोळाच लागत न्हाई. बायको म्हणते, "अंगणात बाकडं टाकून देते, चार डासं पाळा, म्हणजे येईल झोप."

लोक मला त्या ताऱ्याचं विचारतात. मागच्या हिवाळ्यात पहाटे आमच्या भागात जो मोठा तारा तुटला, तो मी पाह्यला, हे कुणीतरी डेपोत बोललं आणि तवापासून माझ्यामागं भुणभुण लागली. कुणी त्याला उल्का म्हणतं, कुणी अग्निगोल. शाळेचे एक गुरुजी तर परतूरच्या स्टँडवर वही घेऊन गाडीत चढले होते. मी म्हणलं, "पाह्यला, हिरवा होता, गेला. उतरा आता, गाडी सुटती." गुरुजींना राग आला. येऊ द्या. मला तो सांगायचा कंटाळा न्हाई, पण तो सांगायला लागलं की पुढचं सगळं सांगावं लागतं, आणि पुढचं सांगायला माझ्यात जीव उरत न्हाई. एकदाच लिहून टाकतो. मंग विचारू नका.

त्या ड्यूटीवर माझ्यासंगं जे डायव्हर होते ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला मास्तर. कंडक्टरला मास्तर म्हणायची आमच्याकडं रीतच हाय, शिकलेला असो का नसो. दादांची एकतीस वर्षं स्टेअरिंगवर गेलेली, एक कोंबडीबी चाकाखाली आली न्हाई. रिटायर व्हायला चौदा महिने राह्यले होते. माणूस मोठा नेमाचा. पहाटे उठलं की आधी समोरची काच ओल्या कागदानं पुसणार, मंग अगरबत्ती, मंग स्टेअरिंगला हात लावून पाया पडणार. तोवर कुणाशी बोलणार न्हाई. मी एकदा म्हणलं, "दादा, देवाला एवढं पुसलं असतं तर प्रसन्न झाला असता." तर म्हणले, "देवाला काच नसती. दिसतं त्याला."

एक गोष्ट मात्र मला भारी जाचायची. वर्षभरापासून दादांनी खूळ काढलं होतं की तिकिटं झाली की मी पुढं जाऊन त्यांच्याजवळ बॉनेटवर, म्हंजे आतल्या इंजिनाच्या झाकणावर, बसायचं. "मास्तर, ये रे पुढं. एकट्याला झोप येती." आता तुम्हीच सांगा, दोन्ही गुडघे गेलेला माणूस, पहाटेपासून उभा, त्याला मागं आपल्या शिटावर टेकून दहा मिनिटं डोळे मिटावे वाटतील का न्हाई? पण मोठ्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं! जायचो. त्या तापलेल्या पत्र्यावर बूड भाजून घ्यायचो आणि बडबडत बसायचो. "डाव्या अंगानं सायकल हाय दादा. पुढं खड्डा हाय. ती म्हातारी बघा, मधीच शिरती." आपला टाइमपास. दादा नुसतं "हां, हां" करायचे. मला वाटायचं, म्हातारपण आलं, गप्पांना माणूस लागतं.

त्या दिवशी पावणेपाचला उठलो. थंडी अशी की गाडीच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसावा. मैदानाच्या कडेला हापसा हाय, तिथं मी दांडा मारून राह्यलो आणि दादा बादली धरून वाकलेले. काच पुसायला पाणी लागतं ना त्यांना, देव पारोसा राहील पण काच न्हाई. अंधार गुडूप. मी अर्धा झोपेतच. गुडघा दर दांड्याला कुईकुई करून राह्यला होता आणि मी मनात दादांना, डेपोला, गावाला, सगळ्यांना शिव्या घालून राह्यलो होतो.

आधी मला माझीच सावली दिसली. समोर चिखलात, ठळक, दांड्यासकट. मला कळंना पहाटे सावली कुठून आली. आणि ती सावली सरकायला लागली. मी उभा तसाच, आणि सावली आपली चालली. मान वळवून वर पाह्यलं तर देवळाच्या कळसाच्या अंगानं एक गोळा उसाच्या रानाकडं निघाला होता. हिरवा. मोरचुदाचं पाणी असतं तसा हिरवा-निळा. घाई न्हाई, गडबड न्हाई, आवाज न्हाई. देवळाचा पार, आमची गाडी, गाडीवरची पाटी, पाटीवरची अक्षरं, सगळं त्या उजेडात उघडं पडलं. मी आयुष्यात एवढं देखणं काही पाह्यलं न्हाई. लेकरू झालं तवा पाह्यलं होतं, ते एक सोडलं तर.

त्याच टायमाला दादांचा हात चाचपत आला. आधी हवेत फिरला, मंग माझा दंड सापडला, आणि त्यांनी मला असं हिसडून बाजूला ओढलं की मी पडता पडता राह्यलो. बादली सगळी माझ्या पायावर.

"आरं सर बाजूला! ट्रॅक्टर येऊन राह्यला!"

उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्या गावातून पहाटेबी पळतात, दिवा असला तर असतो, न्हाईतर न्हाई. पण त्या वक्ताला रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. मी वर पाह्यलं तर तारा विझला होता. मागं पांढुरकी रेघ तेवढी राह्यली, तीबी विरून गेली. माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली, दुसरी आणलेली न्हाई, पुढं जालन्यापर्यंत असंच जायचं. असा राग आला की विचारू नका.

थोड्या वेळानं लांबून गडगड ऐकू आली, कुणी खडीची ट्रॉली रिकामी करावी तशी.

"गेला बघ," दादा म्हणले. "ह्या ऊसवाल्यांना माणूस दिसत न्हाई का काय."

आता इथं मी काय समजलो ते सांगतो, कारण सगळं घोडं इथंच अडलं. आमच्याकडं जुनी माणसं म्हणायची, तारा तुटताना दिसला की तोंड मिटायचं. दिवस उगवेस्तोवर कुणापाशी बोलायचं न्हाई. ज्याचा तारा असेल त्या जीवाला वाटेत आडवल्यासारखं होतं म्हणे. माझी आई तर लहानपणी तोंडावर हात ठेवायची. माझा काही इश्वास न्हाई असल्या गोष्टींवर, पण सवय मोठी खट असते, तोंड आपोआप मिटलं. आणि मला वाटलं, दादाबी आमच्याच भागातले, त्यांच्याबी आईनं सांगितलं असणार. तारा म्हणायचं न्हाई म्हणून गडी ट्रॅक्टर म्हणून राह्यला! मला हसूच आलं. वा रे पठ्ठ्या, काय पांघरूण घातलं. मी म्हणलं, "हां दादा, गेला ट्रॅक्टर." असं म्हणून मी परत दांडा मारायला लागलो.

सव्वापाचला गाडी काढली. मी ओल्या पँटीनं बॉनेटवर. त्या दिवशी पत्र्याची ऊब बरी वाटली, खोटं कशाला बोलू. गाडीत नेहमीचीच माणसं. जालन्याला शिकायला जाणारी पोरं-पोरी, आणि आठवड्यातून दोनदा दवाखान्यात रक्त साफ करून घ्यायला जाणारा एक माणूस आणि त्याची बायको. आष्टीला एक लेकुरवाळी चढली, कुंचीत गुंडाळलेलं लेकरू घेऊन. पोरं मागं ताऱ्याचंच बोलून राह्यली होती, एवढा उजेड पडला अन् तेवढा पडला. मी गप. दादाबी गप. मला वाटलं, बघा, दोघं जुन्या वळणाची माणसं, कशी नेम पाळून राह्यली.

परतूर गेलं. वाटूर फाट्याला पोचलो तवा फटफटलं होतं आणि चहाला गाडी थांबली तवा दिवस उगवला. मी म्हणलं, चला, तोंड मोकळं झालं. आता दादांसंगं मनसोक्त बोलतो. दोन वर्षं एका गाडीवर काढली, पण दोघांनी मिळून पाह्यलेली एवढी मोठी गोष्ट हीच. चहाचा ग्लास घेऊन मी जल्दीनं त्यांच्याकडं निघालो.

तर हॉटेलपुढं घोळका. हॉटेलवाल्याच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. कुठला होता देव जाणे, कोणत्यातरी शहराच्या इमारती दिसत होत्या, आणि वर आभाळात लालभडक निखारे, एकामागं एक तुकडे पडत चाललेले. आमच्या ताऱ्याचा त्याच्याशी काही संबंध न्हाई. दादांनी तो मोबाईल हात लांब करून पाह्यला आणि परत दिला.

"तुम्ही पाह्यला का डायव्हर साहेब?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"पाह्यला म्हंजे? माझ्या डोक्यावरून गेला! आसाच, बराबर आसाच. लालभडक. तीन तुकडे झाले बघा डोळ्यादेखत."

माझ्या हातातला ग्लास तसाच राह्यला. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणलं, "दादा, अन् मंग ट्रॅक्टर?"

"कंचा ट्रॅक्टर?"

"हापशावर. मला ओढलं न्हाई का तुम्ही."

"हां, तो. तो काय, मागून आल्ता," म्हणले, आणि माझ्याकडं न बघता ग्लास ठेवायला गेले. टेबलाच्या कडेवर ठेवला. खाली पडून फुटला. हॉटेलवाला म्हणला, "राहू द्या, राहू द्या," आणि पोरींनी हसून घेतलं.

मी तिथं उभा राह्यलो आणि मला एकेक आठवायला लागलं. असे ग्लास दादांनी वर्षात पाच-सहा फोडले होते. गाडीचा डावा आरसा दोनदा झाडाच्या फांदीला लागून गेल्ता. पाठीमागून हाक मारली तर दादा सगळं अंग फिरवून बघायचे, नुसती मान न्हाई. आणि मी! मी येडा बॉनेटवर बसून "सायकल हाय दादा, खड्डा हाय दादा" करून राह्यलो होतो. गप्पा वाटल्या मला त्या. तो माणूस माझ्या बोलण्यावर गाडी चालवून राह्यला होता वर्षभर, आणि मला पत्ता न्हाई. घडीभरापूर्वी अंधारात आष्टी ते परतूर आम्ही कसे आलो, ते आठवलं आणि मी ग्लासातला चहा तसाच ओतून दिला.

माणसं गाडीत बसली. दादा शिटावर. इंजिन चालू. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगतो, कंडक्टरच्या डोक्यावर एक दोरी असते. एकदा ओढली की घंटी एकदा वाजते, गाडी थांबते. दोनदा वाजली की गाडी हलते. डायव्हर कितीबी जुना असो, कलेक्टर गाडीत बसलेला असो, डबल बेलशिवाय गाडी इंचभर सरकत न्हाई. सव्वीस वर्षांत मी किती लाख वेळा ती दोरी ओढली असेल. त्या दिवशी हात वर गेला आणि तिथंच राह्यला. समोर ती कुंचीतलं लेकरू घेऊन बसलेली बाई. तिनं माझ्याकडं पाह्यलं. लेकरू झोपलेलं.

"ओ कंडक्टर, मारा की बेल!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी दोरी सोडून पुढं गेलो. जाता जाता दादांची पाण्याची बाटली त्यांच्या शिटामागून काढली. त्यांच्या डाव्या अंगाला उभा राह्यलो, आणि बाटली धरलेला हात लांब केला. दादा समोर बघून राह्यले होते.

"दादा, मान हलवू नका. माझ्या हातात काय हाय?"

"तुझ्या हातात काय असणार? मशीन," दादा म्हणले. कंडक्टरच्या हातात तिकिटाचं मशीनच असतं.

मी हात तसाच लांब धरला. शेवटी त्यांनी मान वळवली आणि बाटली पाह्यली. बराच वेळ पाहत राह्यले. इंजिन आपलं घुरघुर करून राह्यलं होतं.

"कधीपसून?" मी विचारलं.

"दीड साल झालं असंल." आवाज एकदम बारीक. "समोरचं बिलकुल साफ दिसतं मास्तर. आईची आण. तपासणीला तक्ता खालच्या वळीपर्यंत वाचतो मी. पर बाजूचं गेलं. जसं काय पाइपातून पाहून राह्यलो."

"आणि डॉक्टर?"

"गेलो की तो सांगणार. सांगितलं की हे सुटणार." स्टेअरिंगवरचा हात तेवढा दाबला. "चौदा महिने राह्यले रे. दिवसा तर दिसतंच ना मला. अंधारातच जरा..."

"दादा, बाटली दिवसाच धरली होती मी."

मागून शिट्ट्या सुरू झाल्या. रक्त साफ करायला निघालेल्या माणसाची बायको उठून पुढं आली, "ओ भाऊ, आमचा नंबर जातो ना!" तिचं बराबरच होतं. सगळ्यांचंच बराबर होतं. मलाच तेवढं कुठं बरोबर सापडंना. दादांनी इंजिन बंद केलं. स्वतःहून केलं, मी सांगितलं न्हाई.

मी खाली उतरलो, डेपोला फोन लावला आणि म्हणलं, "गाडी फेल हाय. क्लच गेला."

खोटं बोललो. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकतीस वर्षांच्या माणसाची इज्जत अशी फाट्यावर, हॉटेलपुढं, पोरींसमोर उघडी करायची का? गाडी लोखंडाची, तिला काय लाज! म्हणून आजार गाडीवर ढकलला. आमच्यात असंच चालतं. माणूस थकला तरी पंक्चर गाडीच होते.

मागून आलेल्या दुसऱ्या गाडीत माणसं बसवून दिली. बसवून कसली, कोंबली. सगळ्यांनी जाता जाता माझा उद्धार केला. "तुमची गाडी रोजच आजारी!" मी मान खाली घालून "हां, हां" म्हणत राह्यलो. रक्तवाल्या माणसाला कुणीतरी जागा दिली ते पाह्यलं, तेवढं बरं वाटलं.

दोन तासांनी दुरुस्तीची गाडी आली. मेकॅनिक तरणा गडी, कामाला चोख. गोणपाट टाकून गाडीखाली गेला. मी वर बसून क्लच दाबायचा, सोडायचा. "दाबा. सोडा. परत दाबा." त्यानं काय काय खोललं देव जाणे. दादा रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून बघत होते. तासभर गेला. त्या थंडीत त्याचे हात काळे तेलानं, कोपरापर्यंत.

"मास्तर, क्लच तर नव्या नवरीवाणी हाय," खालून आवाज आला. "कुणी सांगितलं गेला म्हणून?"

मी खाली बघून राह्यलो.

"का परत खोलू?"

दादा उठले. चालत गाडीपाशी आले, गुडघे मोडून खाली बसले आणि गाडीखाली तोंड घालून म्हणले, "बाहेर ये लेकरा. गाडीला काही झालं न्हाई. मला दिसत न्हाई."

"काय दिसत न्हाई दादा? बॅटरी देऊ का?" पोराला वाटलं, दादांना वाकून क्लच बघायचा हाय. त्यानं खरंच आपली बॅटरी बाहेर सरकवली.

दादांनी ती हातात घेतली. तशीच धरून बसले. मंग म्हणले, "बॅटरीनं भागत न्हाई रे आता."

पोरगं बाहेर आलं. त्यानं दादांकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, आणि काही न विचारता हात पुसायला लागलं. शहाणं पोरगं. मला मात्र रडू फुटलं, आणि ते लपवायला मी गाडीच्या मागं जाऊन टायरला लाथा मारल्या.

दुसऱ्या डायव्हरनं गाडी जालन्याला नेली. आम्ही दोघं मागं, पाशिंजर म्हणून. दादा खिडकीशी बसले होते आणि सगळं अंग वळवून बाहेर बघून राह्यले होते. स्टँडवर उतरलो तसे मी त्यांना तडक डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं, घरी जाऊ दिलं न्हाई. घरी गेले असते तर उद्यावर ढकललं असतं, मी ओळखतो ना.

डॉक्टर म्हणले, काचबिंदू. गेलं ते परत येत न्हाई, राह्यलं ते थेंबांनी टिकवता येईल, पण रोज, न चुकता, मरेस्तोवर. वर्षभर आधी आला असता तर बरंच वाचलं असतं. मंग ते चष्मा काढून म्हणले, "मला एक सांगा, असल्या डोळ्यांनी एवढे दिवस तुम्ही गाडी चालवली कशी?"

दादांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "हे पुढं बसायचे."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाह्यलं. त्या नजरेनं मी जो थकलो तो अजून थकलेलाच हाय. मी मेहरबानी केली होती ना? गुडघे दुखत असताना पुढं जाऊन बसलो होतो ना? त्याच मेहरबानीनं त्या माणसाचं वर्ष खाल्लं. मी मागं झोपलो असतो तर त्याला आठ दिवसांत कळलं असतं की आता आपल्याच्यानं होत न्हाई.

दादांनी स्वतः अर्ज दिला. राह्यलेले महिने डेपोत बसून काढतायत, गाड्या आल्या-गेल्या ते सांगत. मला नवा डायव्हर मिळाला, तरणा. पहिल्याच दिवशी म्हणला, "मास्तर, तुम्ही मागं आरामात बसा, मला पुढं कुणी लागत न्हाई." सव्वीस वर्षांत असं सुख कुणी दिलं न्हाई. मागं बसतो, पण डोळा काही लागत न्हाई. परवा मागूनच ओरडलो, "खड्डा हाय!" सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली.

मागच्या महिन्यात दादांच्या घरी गेल्तो. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. शेवटी मी म्हणून टाकलं. "दादा, तुमचे डोळे माझ्यामुळं गेले. मी खड्डा-खड्डा केलं नसतं तर तुम्ही कवाच डॉक्टरकडं गेला असता."

"येडा हायस का रे?" दादा म्हणले. "तू बसला नसता तर मी एखाद्याला मारून मंग गेलो असतो डॉक्टरकडं. घे, खारी घे."

मी खारी घेतली.

"तो तारा सांग मला," दादा म्हणले. "लाल न्हवता म्हणं. खरा कसा व्हता ते सांग."

सगळ्या जगाला झिडकारलं मी त्या ताऱ्यासाठी, पण त्यांना सांगितलं. सावलीपासून सांगितलं. सावली कशी चालली, कळस कसा उजळला, मोरचुदासारखा हिरवा, आवाज न्हाई, घाई न्हाई. पाटीवरची अक्षरं वाचता आली तेबी सांगितलं. दादा मान खाली घालून ऐकत होते.

"अन् मी काय करून राह्यलो व्हतो तवा?"

"तुम्ही मला हिसडा दिला. ट्रॅक्टर आला म्हणले. माझी पँट भिजवली."

दादा हसले, बऱ्याच दिवसांनी. मंग म्हणले, "मला नुसता उजेड कळला मास्तर. कुठून आला ते कळंना. वाटलं ट्रॅक्टरचाच दिवा, आता तू चाकाखाली येतोस. तू कुठं उभा हायस तेवढं ठाऊक व्हतं."

मी खारी चहात बुडवून धरली होती, ती तुटून ग्लासात पडली. तेवढ्यात वहिनी थेंबांची बाटली घेऊन आल्या, टाइम झाला म्हणल्या. दादांनी मान मागं टाकली आणि डोळे उघडे ठेवून वर बघत राह्यले.